दोन पाळ्या, दोन आकडे

जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीत प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आयसीयू नाही. कपाशीवर फवारणी करताना कीटकनाशक अंगात भिनलेला माणूस किंवा पक्षाघाताने एक बाजू गेलेली म्हातारी इथून निघते ती जालन्याच्या जिल्हा रुग्णालयाकडे, आणि तिथेही भागलं नाही तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाकडे. 108 च्या गाडीतलं स्ट्रेचर, अपघात विभागातलं टेबल, एक्स-रेची फळी, सीटी स्कॅनबाहेरची वाट पाहणं, या सगळ्या वेळात रुग्ण उताणा पडलेला असतो आणि त्याला कुणी कुशीवर वळवत नाही. वळवायचं सुचतही नाही, कारण सगळ्यांचं लक्ष श्वासाकडे आणि नाडीकडे असतं, आणि ते बरोबरच आहे. आयसीयूच्या कागदावर त्याचा मुक्काम भरतीच्या वेळेपासून मोजतात. त्याच्या माकडहाडावरच्या कातडीचा हिशेब मात्र काही तास आधीच सुरू झालेला असतो.

शय्याव्रण, म्हणजे घरोघरी ज्याला बेडसोअर किंवा बेडसोल म्हणतात ते, होतं कसं? हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेंगरतं, बारीक रक्तवाहिन्या मिटतात, आणि तिथल्या पेशी उपाशी मरू लागतात. 1930 साली यूजीन लँडिस या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने निरोगी माणसांच्या नखाजवळच्या केशवाहिनीत सूक्ष्म काचनळी घालून आतला दाब मोजला. धमनीकडच्या टोकाला तो सरासरी 32 मिलिमीटर पारा भरला. पुढे पाठ्यपुस्तकांनी रक्तवाहिन्या मिटायला लागणारा दाब म्हणून तो आकडा उचलला आणि सगळ्या देहाला लावला. निरोगी तरुणाच्या बोटावरून म्हाताऱ्याच्या टाचेचा अंदाज बांधणं धाडसाचंच होतं. रक्तदाब कोसळलेल्या, नॉरॲड्रेनॅलिनच्या ठिबकावर असलेल्या रुग्णाच्या कातडीला तर याहून कितीतरी कमी दाबही पुरतो, कारण ते औषध मेंदू-हृदयाचा पुरवठा टिकवताना कातडीकडचं रक्त आखडतं घेतं. शिवाय दाब एकटा नसतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला न्यूमोनिया होऊ नये म्हणून पलंगाचं डोकं 30 ते 45 अंश वर ठेवतात. मग रुग्ण हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. फुफ्फुसासाठी जी बैठक चांगली, तीच पाठीसाठी वाईट. आयसीयूतल्या सिस्टरला रोज असा एकेक सौदा करावा लागतो.

हा आजार किती मोठा आहे, याची एक जागतिक मोजणी झालेली आहे. 15 मे 2018 या एकाच दिवशी 90 देशांतल्या 1,117 आयसीयूंमध्ये 13,254 रुग्णांची कातडी तपासली गेली. 26.6 टक्के रुग्णांना शय्याव्रण होतं, आणि 16.2 टक्के रुग्णांना ते आयसीयूत आल्यानंतर झालेलं होतं. म्हणजे साधारण सहा रुग्णांमागे एकाला. सगळ्यात जास्त जखमा माकडहाडाच्या भागात, त्याखालोखाल टाचांवर.

आता प्रश्न असा की, कुणाला होणार हे सिस्टरला आधी कळतं का? आणि एका सिस्टरला जे कळतं तेच दुसरीला कळतं का?

पहिल्या प्रश्नामागे जुना वाद आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 साली स्पष्ट लिहून ठेवलं होतं की अशा जखमेचा दोष बहुतेक वेळा आजाराचा नसून शुश्रूषेचा असतो. त्याच शतकात पॅरिसचे मज्जाविकारतज्ज्ञ झाँ-मार्तँ शार्को यांचं म्हणणं उलट होतं: मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झाली की कातडी आतूनच मरते, परिचारिकेच्या हातात फारसं काही नाही. आज कुणीच शार्कोंच्या बाजूने उभं राहत नाही, पण नाइटिंगेलबाईंचा निवाडाही एका परीने महागात पडला. जखम म्हणजे सिस्टरची चूक, असं एकदा ठरलं की जखम वेळेवर नोंदवण्यापेक्षा ती ‘भरतीच्या वेळीच होती’ असं लिहिण्याचा मोह होतो. आपल्याकडे रुग्णालयांना मानांकन देणारी एनएबीएच ही संस्था भरतीनंतर झालेल्या शय्याव्रणांचं प्रमाण मागते. मागणी रास्त आहे. मात्र ज्याच्या आकड्यावरून ज्याला बोल लागणार, त्यालाच आकडा भरायला दिला तर आकड्याचं काय होतं, हे सरकारी कामाची थोडीशी ओळख असलेल्या कुणालाही सांगावं लागू नये.

अंदाजाला मोजपट्टी हवी, ही कल्पना 1962 मधली. डोरीन नॉर्टन या इंग्लंडमधल्या परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांबरोबर वृद्ध रुग्णांचा अभ्यास करताना पाच गोष्टींना गुण द्यायची पद्धत काढली. 1985 मध्ये ज्युडी वॉटरलो यांची मोजपट्टी आली, आणि 1987 मध्ये अमेरिकेत बार्बरा ब्रेडन व नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची. आपल्याकडच्या नर्सिंग कॉलेजांत आणि मोठ्या रुग्णालयांच्या केसपेपरमध्ये बहुधा भेटते ती ब्रेडन. तिच्यात सहा रकाने आहेत: संवेदना, ओलावा, उठणं-चालणं, अंथरुणातल्या अंथरुणात हालचाल, पोषण, आणि घर्षण-घसरण. पहिल्या पाचांना प्रत्येकी 1 ते 4, शेवटच्याला 1 ते 3. बेरीज 6 ते 23. आकडा जितका कमी तितका धोका जास्त. 18 किंवा त्याखाली गेला की रुग्ण जोखमीत धरायचा. वॉटरलोमध्ये नेमकं उलट, आकडा वाढला की धोका वाढतो. दोन रुग्णालयांत काम केलेल्या सिस्टरची इथेच पहिली फसगत होऊ शकते.

ब्रेडनचे रकाने वाचायला सोपे आहेत. भरायला बसलं की अडचण कळते. ओलाव्याचा रकाना घ्या. कातडी किती ओली राहते हे ठरवायला ही मोजपट्टी चादरीचा आधार घेते: दर पाळीला किमान एकदा चादर बदलावी लागत असेल तर 2 गुण, दिवसातून एखादी जादा बदलावी लागत असेल तर 3. ज्या रुग्णालयात धुतलेल्या चादरींचा ढीग तयार असतो तिथे हे ठीक आहे. जिथे धोब्याकडून गठ्ठा येईल तेव्हाच चादर बदलते, तिथे हा रकाना रुग्णाची कातडी मोजत नाही, लिननचा साठा मोजतो. पोषणाच्या रकान्यात दिवसाला प्रथिनांचे चार वाटे हवेत, आणि कंसात उदाहरण दिलंय मांस आणि दुग्धजन्य पदार्थ. टेंभुर्णीचा शेतकरी आजारी पडण्याआधी काय जेवत होता? ज्वारीची भाकरी, पिठलं, एखादं वरण, कधीमधी अंडं. पिठल्यातलं बेसन आणि वरणातली तूर यांना त्या कंसात जागा नाही. एक सिस्टर डाळीला प्रथिन धरेल आणि 3 देईल, दुसरी छापील शब्दाला धरून 2 देईल. दोघींची चूक म्हणता येणार नाही. नाकातल्या नळीने अन्न चालू झालं की प्रश्न बदलतो: नळीतून गरजेइतकं जात असेल तर 3, कमी पडत असेल तर 2. पण पोटात उरतंय म्हणून मधल्या दोन वेळा फीड थांबवलं हे पुढच्या पाळीला सांगितलं गेलं नसेल, तर तिथेही दोन आकडे पडणार.

काही वेळा तर दोघीही अगदी बरोबर असतात आणि आकडे तरीही वेगळे येतात. फवारणीतल्या ऑरगॅनोफॉस्फेट विषबाधेचाच रुग्ण बघा. तो येतो तेव्हा घामाने निथळत असतो, तोंडातून लाळ, पातळ शौच. सकाळच्या सिस्टरने ओलाव्याला 1 दिला. मग ॲट्रोपिन सुरू झालं. ते औषध परिणामाला आलं की घाम आटतो, कातडी कोरडी आणि गरम होते. दुपारच्या पाळीतली सिस्टर 3 किंवा 4 देते. इथे सिस्टर बदलली, आणि रुग्णही बदलला. म्हणूनच दोघींचं जमतं का हे तपासायचं तर एकाच रुग्णाला, एकाच वेळी, एकमेकींच्या कागदाकडे न बघता गुण द्यायला सांगावे लागतात. सकाळ-रात्रीच्या नोंदी शेजारी ठेवून ‘मेळ नाही’ म्हणणारा पाहणी अहवाल काहीच सिद्ध करत नाही.

असे नीट अभ्यास झाले आहेत. त्यातला सुरुवातीचा ब्रेडन-बर्गस्ट्रॉम यांचाच. प्रशिक्षित नोंदणीकृत परिचारिकांमध्ये 88 टक्के वेळा आकडा तंतोतंत जुळला. कमी मुदतीचं शिक्षण घेतलेल्या परिचारिका आणि मदतनीस यांच्यात मात्र तंतोतंत जुळणी फक्त 11 ते 19 टक्के होती. गंमत अशी की त्यांच्याही आकड्यांचा परस्परसंबंध 0.83 ते 0.94, म्हणजे दिसायला उत्तमच होता. एक जण सगळ्यांना दोन गुण जास्त देत असेल तर क्रम तोच राहतो, परस्परसंबंध चांगला येतो, आणि 18 ची रेघ मात्र चुकते. जालन्याच्या मोंढ्यात दोन काट्यांवर तीच पोती चढवली आणि दुसरा काटा प्रत्येक पोत्याला दोन किलो कमी दाखवत असला, तर कुठलं पोतं जड यावर दोन्ही काट्यांचं एकमत होईल. विकलेल्या मालाची पट्टी घ्यायला गेलेला शेतकरी मात्र नाडला जाईल.

आयसीयूपुरता बारकाईने केलेला अभ्यास यान कोटनर आणि थिओ डासेन यांचा, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला. जर्मनीतल्या दोन आयसीयूंमध्ये परिचारिकांनी त्याच रुग्णांना स्वतंत्रपणे गुण दिले. विश्वासार्हतेचा जो गुणांक काढतात तो 1 आला तर पूर्ण मेळ, 0 आला तर नुसता योगायोग. ब्रेडनचा गुणांक एका विभागात 0.72 आणि दुसऱ्यात 0.84 आला. वॉटरलोचा 0.36 आणि 0.51. वॉटरलो मागे का पडली हे समजण्यासारखं आहे. तिला उंचीच्या मानाने वजन लागतं, कातडीचा पोत लागतो, एकाच रकान्यात अनेक पर्यायांवर खूण करता येते. बेशुद्ध माणसाला वजनकाट्यावर कोण उभं करणार? मग अंदाज चालतो, आणि अंदाज ज्याचा त्याचा. ब्रेडन त्यातल्या त्यात बरी निघाली, तरी दोघा अभ्यासकांनी आयसीयूत अशा मोजपट्टीच्या आकड्यावर निर्णय सोडण्याबद्दल शंकाच व्यक्त केली.

शंकेचं कारण आकडेमोडीत दडलंय, आणि ते सोपं आहे. समजा आयसीयूत 100 रुग्ण आहेत आणि दोन सिस्टरपैकी प्रत्येकीला 90 रुग्ण जोखमीचे वाटतात. आता दोघींनी रुग्णाकडे न बघता, डोळे मिटून 90-90 कागदांवर ‘धोका’ असा शिक्का मारला, तरी सरासरी 82 रुग्णांबाबत त्यांचं एकमत होईल. प्रत्यक्षात 86 रुग्णांबाबत एकमत झालं तर अहवालात ‘86 टक्के जुळणी’ असं झोकात छापता येतं. योगायोगाचा वाटा वजा केला की उरतो 0.22 चा गुणांक. 1960 साली जेकब कोहेन यांनी मांडलेला कप्पा नावाचा हा हिशेब आयसीयूतल्या अहवालांना लावला की बऱ्याच टक्केवाऱ्यांची हवा निघते. व्हेंटिलेटरवरचा, गुंगीच्या औषधाखालचा प्रत्येक रुग्ण अंथरुणाला खिळलेलाच असतो. उठणं-चालणं 1, हालचाल 1, संवेदना 1 किंवा 2. अर्धी मोजपट्टी सगळ्यांना सारखेच गुण देते. जिथे सगळेच जोखमीत, तिथे ‘हा जोखमीत आहे’ या शेऱ्याने सिस्टरला नवं काय कळलं?

ज्याने रुग्णारुग्णांत फरक पडतो ते ब्रेडनमध्ये नाहीच. रक्तदाब टिकवणारी औषधं किती चालू आहेत, मधुमेह आहे का, पायाला रक्त पोचतं का, कातडीवर आधीच लाली आहे का, हे काही तिच्यात नाही. नळ्या, मास्क, पट्ट्या यांनी कानामागे किंवा ओठावर पडणाऱ्या जखमाही तिला दिसत नाहीत. कोविडच्या साथीत रुग्णांना तासन् तास पालथं ठेवलं गेलं, तेव्हा जखमा कपाळ, गाल आणि हनुवटीवर आल्या. या उणिवा ओळखून 1991 मध्ये खास आयसीयूसाठी क्युबिन-जॅक्सन नावाची मोजपट्टी निघाली. तिच्यात रक्ताभिसरण आणि श्वसनाला वेगळे गुण आहेत. आपल्याकडच्या नर्सिंगच्या संशोधनात तिच्याकडे अधिक लक्ष द्यायला हरकत नाही. ब्रेडनची मराठी आवृत्ती काढून तिच्या गुणांची टक्केवारी मांडणारे प्रबंध पुरेसे झाले.

मोजपट्टी वापरल्याने जखमा कमी होतात का, हा कसोटीचा प्रश्न. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या एका मोठ्या रुग्णालयात 1,231 रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी तीन गटांत विभागणी केली. एका गटासाठी वॉटरलो, दुसऱ्यासाठी रॅमस्टेडियस नावाची मोजपट्टी, तिसऱ्यासाठी काहीच कागद नाही, परिचारिकेचा स्वतःचा अंदाज. 2011 मध्ये निकाल आला: 7.5, 5.4 आणि 6.8 टक्के. संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. हे सर्वसाधारण वॉर्डातले रुग्ण होते, आयसीयूतले नव्हेत, हे लक्षात ठेवावं लागेल. तरी अनुभवी सिस्टरच्या नजरेला कागदाने हरवलेलं नाही, एवढं त्यातून निघतं.

आणि त्या नजरेचा सगळ्यात मोठा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. अरुणा शानबाग स्वतः मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. 27 नोव्हेंबर 1973 रोजी त्यांच्यावर रुग्णालयातच हल्ला झाला आणि त्या 18 मे 2015 पर्यंत अंथरुणावर राहिल्या. त्यांना दयामरण द्यावं अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा याचिकेत म्हटलं होतं की त्यांना शय्याव्रण होण्याचा धोका आहे. रुग्णालयाने न्यायालयाला सांगितलं की इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झालेलं नाही. 7 मार्च 2011 चा निकाल कायद्याच्या विद्यार्थ्यांना दयामरणासाठी पाठ असतो. मला त्यातली ही दोन विधानं शेजारी ठेवावीशी वाटतात, कारण दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. धोका होता, पराकोटीचा होता. आणि जखम झाली नाही, कारण पिढ्यान् पिढ्या परिचारिकांनी त्यांना वळवलं, पुसलं, भरवलं.

मोजपट्ट्यांच्या अभ्यासातला सगळ्यात अवघड पेच हाच आहे. सिस्टरने 9 गुण दिले, घाबरली, रुग्णाला दर दोन तासांनी वळवत राहिली, टाचा उशीने अधांतरी ठेवल्या. जखम झाली नाही. संशोधकाच्या वहीत हे ‘चुकलेलं भाकीत’ म्हणून पडतं. दुसऱ्या सिस्टरने 9 गुण दिले, कागद फाइलला लावला आणि पुढच्या पलंगाकडे गेली, जखम झाली. ते ‘अचूक भाकीत’. मोजपट्टीला शाबासकी मिळते ती नेमकी जिथे शुश्रूषा हरली तिथे. म्हणून मोजपट्टीची अचूकता किती टक्के, हे वाचताना त्या रुग्णालयात वळवण्याचं काम किती नेमाने होत होतं, हे आधी विचारावं.

केईएममधल्या त्या खोलीत एक सोय होती जी आयसीयूत नसते: रुग्ण तोच, ओळखीचा. आयसीयूत रुग्ण चार दिवसांत बदलतो, पाळी काही तासांत. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक परिचारिका असा निकष आहे. तो किती ठिकाणी पाळला जातो हे आयसीयूच्या दाराशी रात्र काढलेल्या नातेवाइकांना विचारा. दीडशे किलोचं यंत्र हलवणं एकटीला जमेल, नळ्या लावलेला बेशुद्ध माणूस कुशीवर घेणं एकटीला जमत नाही. मावशी किंवा कक्षसेवक मामा हाताशी हवेत. ‘दर दोन तासांनी कूस बदलली’ हे वाक्य नोंदीत सगळीकडे असतं. माझं मत असं की या एका वाक्याची पडताळणी ब्रेडनच्या बेरजेपेक्षा कितीतरी महत्त्वाची आहे.

नजरेचा मेळ बसवायला मार्गही फार खर्चिक नाही. पाळी बदलताना येणारी आणि जाणारी अशा दोघींनी मिळून रुग्णाला कुशीवर घ्यायचं आणि पाठ बॅटरीच्या उजेडात पाहायची. लाल भागावर बोट दाबून सोडायचं. पांढरा होऊन पुन्हा लाल झाला तर रक्त वाहतंय, लालच राहिला तर जखमेची पहिली पायरी. पण ही खूण गोऱ्या कातडीवर ठरवलेली आहे. मराठवाड्यातल्या उन्हात रापलेल्या सावळ्या पाठीवर लाली अनेकदा दिसतच नाही. तिथे हाताच्या पाठीने तपासायचं: शेजारच्या भागापेक्षा इथे गरम लागतं की गार, कडक लागतं की भुसभुशीत, सूज आहे का, रंग जांभळट किंवा काळपट झालाय का. दोघींचे हात एकाच वेळी एकाच जागेवर पडले की पुढच्या वेळच्या मतभेदाला आपोआप आळा बसतो. रकान्यांचं प्रशिक्षण द्यायचं तर तेही याच जागी, खऱ्या रुग्णापाशी द्यावं. वर्गातल्या स्लाइडवर सगळ्यांचं एकमत होतं.

आपल्या वॉर्डांतली एक जुनी सवय मात्र आता सोडायला हवी. पाठीला स्पिरिट लावून, पावडर टाकून जोरात चोळणं हे वर्षानुवर्षं ‘बॅक केअर’ म्हणून शिकवलं गेलं. लाल झालेल्या, हाडावरच्या जागेवर चोळल्याने आत आधीच दुखावलेलं मांस आणखी दुखावतं. मधे भोक असलेली गोल रबरी रिंगही नको. ती कडेने रक्तवाहिन्या दाबते. एअर बेड मदत करतो, पण तो वळवण्याची सुट्टी देत नाही.

आयसीयूतून सुटलेला रुग्ण पुन्हा टेंभुर्णीला येतो तेव्हा ब्रेडनचा कागद मोठ्या रुग्णालयात राहतो आणि पाठ घरी येते. डिस्चार्ज कार्डावर औषधं असतात, कातडीची स्थिती क्वचितच. तेव्हा नातेवाइकांनी निघायच्या आधी सिस्टरला सांगून रुग्णाची पाठ, कंबर आणि दोन्ही टाचा स्वतः पाहून घ्याव्यात, जिथे रंग बदललाय ती जागा कार्डावर लिहून घ्यावी, आणि गावात आल्यावर ते कार्ड आशाताईंना व आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना दाखवावं. परतीच्या गाडीतही रुग्णाला पूर्ण वेळ उताणं ठेवू नये. वाटेत एकदा गाडी थांबवून कूस बदलावी.